सव्वीस दाहे चार का येतंय?

खटपट : वाचकांची पत्रं, परभणीच्या दुकानातून उत्तरं

जुन्या टीव्ही गेमच्या डब्यात काय असतं, हे मागे या सदरात लिहिलं होतं. त्यावर आलेली पत्रं या वेळी घेतली आहेत. काही पत्रं गेम लिहिणाऱ्यांची आहेत, काही घर, शेतातला आखाडा, दुकान यांच्यात स्वतः तार ओढणाऱ्यांची. मला ही दोन कामं वेगळी वाटत नाहीत. बाबांच्या टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात मी एकच गोष्ट नीट शिकले: बिघाड शोधताना यंत्र मधोमध तोडायचं, अलीकडचं अर्धं बरं आहे का ते बघायचं, मग उरलेल्या अर्ध्याचं अर्धं करायचं. खालच्या बहुतेक उत्तरांत मी तेच केलंय.

ताई, नमस्कार. मी अकरावीला आहे. हळदीची पोती हलवताना माळ्यावर काकांचा टीव्ही गेम सापडला. पिवळी कॅसेट आहे, वर ९९९९ गेम लिहिलंय. चालू होतो. मला त्याच्यावर माझा स्वतःचा गेम करायचाय. घरी लॅपटॉप आहे पण लई जुना, दोन जीबीचा. जमंल का? सुरुवात कुठून करू?
— विद्यार्थी, वसमत

जमेल. लॅपटॉपची काळजी सोड. त्या डब्यात प्रोग्रामला वापरायला मेमरी आहे दोन केबी. तुझ्या दोन जीबी त्याच्या दहा लाखपट झाल्या. त्या डब्याची हुबेहूब नक्कल करणारा एम्युलेटर तुझ्या लॅपटॉपवर आरामात चालेल. एफसीईयूएक्स घे, तो जुन्या मशीनवरही हलका पडतो.

काकांचा डबा ही निन्टेन्डोच्या फॅमिकॉमची नक्कल आहे. मूळ यंत्र जपानमध्ये १५ जुलै १९८३ ला विक्रीला आलं. आपल्या बाजारात नव्वदीच्या दशकात आणि नंतरही ज्या नकला आल्या, त्यांत आतल्या सगळ्या चिपा एका काळ्या थेंबाखाली बसवलेल्या असतात. पण समजून घ्यायचा मेंदू तोच, ६५०२ जातीचा. त्याच्याकडे काम करायला हात तीनच: ए, एक्स आणि वाय. प्रत्येकात एक बाइट, म्हणजे ० ते २५५. याशिवाय चित्र काढणारी चिप वेगळी आहे आणि तिची दोन केबी मेमरीही वेगळी. ही दोघं एकमेकांच्या घरात शिरत नाहीत, खिडकीतून बोलतात. ती खिडकी म्हणजे २००० ते २००७ हे आठ पत्ते. (पत्ते सोळाच्या मोजणीत लिहितात. ती मोजणी आधी वहीवर पक्की कर, दोन संध्याकाळी पुरतात.)

९९९९ गेमचं म्हणशील तर कॅसेटमध्ये खरे गेम मोजके असतात. तेच तेच वेगळ्या नावानं आणि पुढच्या पातळीवरून सुरू करून यादी लांबवलेली असते.

पहिला प्रोग्राम गेमचा नको. पडदा निळा कर, एवढंच. त्यासाठी २००६ या खिडकीत रंगाचा पत्ता द्यायचा. तो दोन बाइटांचा असतो, म्हणून आधी मोठा अर्धा ३एफ, मग छोटा अर्धा ००. मग २००७ मध्ये ११ टाकायचा, तो निळा. मात्र वीज आल्या आल्या चित्राची चिप जागी नसते. तिची 'माझा पडदा काढून झाला' ही खूण दोनदा येईपर्यंत थांबायचं आणि मगच बोलायचं. हे थांबणं नव्या मुलांकडून हटकून राहतं, मग खिडकीत टाकलेलं वाया जातं.

लिहिण्यासाठी सीए६५ हा असेंब्लर, म्हणजे आपण लिहिलेल्या सूचना मेंदूच्या आकड्यांत बदलणारा प्रोग्राम, फुकट मिळतो. सगळ्यात साध्या कॅसेटची फाइल बरोबर ४०,९७६ बाइटांची होते: ३२ केबी प्रोग्राम, ८ केबी चित्रं आणि सुरुवातीला १६ बाइटांची ओळखपट्टी. एक बाइट जरी कमी-जास्त दिसला तर आधी ते बघ. पडदा निळा झाला की मला पत्र टाक. पुढचं बोलू.

ताई, मी प्राथमिक शाळेत शिकवते. मुलांसाठी पाढ्यांचा गेम लिहायला घेतलाय, आमच्या शाळेत अजून एक जुना टीव्ही आणि गेमचा डबा आहे म्हणून. दोन अडचणी आहेत. एक, मराठी अक्षरं कशी आणायची? सगळीकडे इंग्रजीचीच उदाहरणं. दोन, पंचवीसपर्यंत पाढे बरोबर येतात, पण सव्वीसचा पाढा शेवटी बिघडतो. सव्वीस दाहे चार दाखवतो! मुलं हसतात.
— शिक्षिका, अंबाजोगाई

बाई, तुमचं पत्र वाचून मी दुपारचं दुकान बंद करून कागद-पेन्सिल घेऊन बसले. मुकुंदराजांच्या गावातून मराठी अक्षरांचा प्रश्न यावा आणि त्याला घाईत उत्तर द्यावं, हे मला पटेना.

आधी सव्वीसचं बघू, ते लवकर सुटतं. एका बाइटात जास्तीत जास्त २५५ मावतात. पंचवीस दाहे अडीचशे मावले. सव्वीस दाहे दोनशे साठ मावत नाहीत, २५६ झाले की मोजणी पुन्हा शून्यावर येते आणि वर उरतात चार. तुमचं यंत्र चुकत नाहीये, त्याची ओंजळ भरून सांडतेय. जे सांडतं ते वाया जात नाही, 'कॅरी' नावाच्या एका खुणेत पडतं, आपण हातचा धरतो तसं. तर उत्तर दोन बाइटांत ठेवा. दर वेळी खालच्या बाइटात २६ मिळवा आणि लगेच वरच्या बाइटात शून्य मिळवा, हातच्यासकट. खालच्या बेरजेआधी मात्र मागचा हातचा पुसायचा, नाही तर कधीतरी सव्वीस दुणे त्रेपन्न येईल आणि ती चूक रोज दिसणार नाही, म्हणून जास्त छळेल.

या मेंदूला गुणाकार येतच नाही. त्याला येते फक्त बेरीज, वजाबाकी आणि आकडा एक घर सरकवणं. एक घर डावीकडे सरकवला की दुप्पट, उजवीकडे सरकवला की निम्मा. म्हणून माझी एक विनंती आहे: पावकी-निमकीही घ्या. आपल्या आजोबांच्या पिढीला जे तोंडपाठ होतं ते या यंत्राला हाडामांसाइतकं जवळचं आहे. निमकी म्हणजे एकदा उजवीकडे सरकवणं, पावकी म्हणजे दोनदा. सरकवताना खाली पडलेले दोन तुकडे आधी बाजूला काढून ठेवा. त्यांत शून्य असेल तर पूर्ण, एक असेल तर पाव, दोन असेल तर अर्धा, तीन असेल तर पाऊण. साताची पावकी काढली की सरकवून हाती एक येतो, खाली तीन पडतात: एक आणि पाऊण, म्हणजे पावणेदोन. दिडकी म्हणजे मूळ आकडा आणि त्याचा निम्मा. सगळं चार-सहा ओळींत होतं.

आता अक्षरं. पडदा म्हणजे ८ बाय ८ ठिपक्यांच्या फरश्या, आडव्या ३२ आणि उभ्या ३०. एका वेळी २५६ वेगवेगळ्या फरश्या वापरता येतात. इंग्रजी अक्षर एका फरशीत बसतं. आपलं 'क्ष' किंवा 'ज्ञ' तिथं कोंबला तर गचाळ होतो. मी तुमच्यासाठी वहीवर असं आखलं: अक्षराचं अंग दोन फरश्या रुंद आणि दोन उंच. शिरोरेषा नेहमी अंगाच्या सगळ्यात वरच्या ओळीत, एक ठिपकाही वरखाली नाही, म्हणजे शेजारच्या फरशीशी ती आपोआप जुळते. अंगाच्या वर एक ओळ वेलांटी, मात्रा, अनुस्वार यांच्यासाठी. उकार अंगाच्या खालच्या तीन-चार ठिपक्यांत. काना एकाच फरशीच्या रुंदीत.

अशी चार-चार फरश्यांची चाळीस अक्षरं केली तर १६० फरश्या गेल्या, आणि मात्रा, आकडे, चौकट बाकीच. इथे देवनागरीच आपल्या मदतीला येते. प, व, ब, म, स, त, न, ग या अक्षरांना उजवीकडे उभी दांडी आहे. सगळं वळण डाव्या फरशीत बसवा आणि दांडी उजवीत ठेवा. मग उजव्या दोन फरश्या सगळ्यांना सामाईक! आणि जोडाक्षर हवं तेव्हा उजवी फरशी गाळायची. 'सव्वा' लिहायचाय? पूर्ण स, मग व ची फक्त डावी बाजू, मग पूर्ण व, मग काना. लेखणीनं आपण दांडी गाळून अर्धं अक्षर करतो, तेच हे. मला हे वहीवर उमगलं तेव्हा फार आनंद झाला, तो तुम्हाला कळवल्याशिवाय राहवेना.

क, फ, र, ट, ड, द, ह यांना हा नियम लागत नाही. त्यांच्या फरश्या स्वतंत्र काढा, आणि गेममध्ये येणाऱ्या शब्दांतलीच अक्षरं करा. आधी सगळा मजकूर कागदावर लिहून अक्षरं मोजा. वर्णमाला पूर्ण करायच्या नादात फरश्या संपवू नका. आकड्यांना शिरोरेषा नाही, ते एक फरशी रुंद, दोन उंच छान दिसतात, वीस फरश्यांत दहाही आकडे. रंग दर १६ बाय १६ ठिपक्यांच्या चौकोनाला एकच संच देता येतो. अंगं त्या चौकोनांवर बसवलीत तर चुकलेलं अक्षर एकटं लाल करता येईल.

पडद्याच्या अगदी वरची आणि खालची फरशांची ओळ मोकळी ठेवा. जुने टीव्ही ती खातात.

तीन महिने खपून गेम लिहिला. कॉम्प्युटरवर एकदम झकास. चिप भरून खऱ्या डब्यात लावला तर कधी पडदा अर्ध्यात सरकलेला, कधी मध्ये कचरा, कधी चार वेळा चालू केला की एकदा नीट. डबा खराब आहे का? दुसऱ्या कॅसेट चालतात.
— वाचक, उदगीर

दुसऱ्या कॅसेट चालतात, म्हणजे तुम्ही स्वतःच पहिलं अर्धं कापलंत. डबा बरा आहे. 'चार वेळा चालू केला की एकदा नीट' हे तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य. प्रोग्राम तोच, डबा तोच, तरी फळ वेगळं. मग दर वेळी वेगळं काय होतं? वीज येताना मेमरीत पडलेलं काहीबाही.

माझ्यावर हे बेतलंय. माझ्या पहिल्या गेममध्ये पडदा किती सरकवायचा हा आकडा मी कधी शून्य केलाच नव्हता. एम्युलेटर मेमरी स्वच्छ पुसून देत होता, म्हणून तिथे शून्यच असायचं. खऱ्या डब्यात मेमरीत काहीही असतं. दोन आठवडे मी सोल्डरिंग पुन्हा पुन्हा तापवत राहिले, चिप बदलली, सॉकेट बदलला. शेवटी बाबांची रीत आठवली. गेममधला अर्धा भाग बंद केला, आवाज आणि शत्रू दोन्ही. बिघाड तसाच. उरलेल्याचा अर्धा बंद केला. पाचव्या कापणीला मी त्या एका ओळीवर होते. म्हणून सुरुवातीलाच दोन केबी मेमरी पुसून काढणारी वळणी (लूप) लिहा, आणि एम्युलेटरमध्ये 'मेमरी आडव्यातिडव्या आकड्यांनी भर' ही सोय चालू ठेवून मगच चाचणी घ्या. मेसेन नावाच्या एम्युलेटरमध्ये ती आहे.

मधला कचरा हा दुसरा आजार. पडदा काढून होतो आणि किरण वर परततो, त्या उसंतीतच चित्राच्या मेमरीला हात लावायचा असतो. मी उघडलेल्या ५० हर्ट्झच्या नकलांत ती उसंत २० ओळींचीच आहे, म्हणजे मेंदूचे सुमारे २,२७० ठोके. त्यातले ५१३ हलणारी चित्रं पाठवण्यात जातात. उरलेल्यात साध्या वळणीनं शंभर-सव्वाशे बाइट जातात, त्यापलीकडे नाही. पूर्ण पडदा असतो १,०२४ बाइटांचा. तो बदलायचा तर पडदा बंद करून बदला, नाहीतर दर फ्रेमला दोन-दोन ओळी पाठवा. तुम्ही एम्युलेटर युरोपच्या 'पाल' पद्धतीच्या यंत्रावर लावला असेल तर तिथे उसंत ७० ओळींची असते, म्हणून सगळं मावल्यासारखं वाटतं. त्याच यादीत 'डेन्डी' नावाची निवड असते. आपल्या डब्यांच्या जवळचं तेच.

आमचं घर गावात अन् आखाडा तीनशे मीटरवर. बैलं, मोटार, सोयाबीनची थप्पी तिथंच असती. घरच्या इंटरनेटवरून आखाड्यावर कॅमेरा लावायचाय. दुकानदार म्हणला, निळी लॅन केबल तीनशे मीटर घ्या, होऊन जाईल. घ्यावी का?
— शेतकरी, मानवत तालुका

दादा, घेऊ नका. त्या केबलची मर्यादा १०० मीटरची आहे. पुढे मध्ये मध्ये नेटवर्कचे स्विच बसवावे लागतील, आणि शेताच्या मधोमध त्यांना वीज कुठून देणार? शिवाय बाजारात स्वस्त केबलमध्ये तांब्याऐवजी वरून तांबं चढवलेलं ॲल्युमिनियम असतं. ते दोनदा वाकलं की तुटतं. सुरीनं तार खरवडून बघा, आत पांढरं दिसलं तर ती केबल परत करा.

पण ही कारणं बाजूला ठेवा. खरं कारण आकाशातली वीज. आपल्याकडे रोहिणी-मृगात आणि पुन्हा परतीच्या पावसात विजा कशा पडतात हे तुम्हाला मी सांगायला नको. मी दुकानापासून घरापर्यंत गल्लीवरून तांब्याची केबल नेली होती, पस्तीस मीटरच. मेअखेरच्या एका संध्याकाळी वीज जवळच कुठेतरी पडली, आमच्यावर नाही. तरी दुकानातला स्विच, घरातला राउटर आणि दुरुस्तीला आलेला एका गिऱ्हाइकाचा कॉम्प्युटर, तिन्ही गेले. स्विच उघडला तर केबलच्या सॉकेटमागचा प्लास्टिकचा चौकोन फुटून वर आला होता आणि बोर्डावर शाई सांडल्यासारखा डाग. गिऱ्हाइकाला मी कॉम्प्युटर भरून दिला. पण त्या वेळी माझा मुलगा त्याच टेबलावर अभ्यास करत होता, हे मला अजून आठवतं. तेव्हापासून दोन इमारतींमध्ये मी तांबं ओढत नाही आणि कुणाला ओढू देत नाही.

तुम्ही फायबर टाका. काचेतून वीज वाहत नाही. दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर नावाची छोटी डबी लागते. एका धाग्यावर चालणाऱ्या डब्यांत ए आणि बी अशी जोडी असते, एक १३१० नॅनोमीटरवर पाठवते तर दुसरी १५५० वर. दोन ए आणलेत तर दिवा लागणार नाही. धागा दोन्ही टोकांना कनेक्टर बसवूनच मागवा, किंवा तालुक्याच्या केबलवाल्या पोराकडून जोडून घ्या, त्याच्याकडे जोडायचं यंत्र असतं. एक बारीक गोष्ट: हवेतून न्यायच्या फायबरला आधारासाठी पोलादी तार असते. ती तार घरात आणि आखाड्यात आणू नका, भिंतीबाहेरच हातभर आधी कापून टाका. नाहीतर काच निवडून उपयोग काय झाला? वळण देताना आमटीच्या वाटीपेक्षा लहान वळसा नको.

धुऱ्यानं, म्हणजे बांधावरून, नेत असाल तर पाइपात घालून, नांगराचा फाळ पोचणार नाही इतकं खोल पुरा. पाइपाची तोंडं बंद करा, उंदीर आत शिरतात.

दुसरा मार्ग बिनतारी, छपरावर दोन छोट्या डिश समोरासमोर. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याला २०१८ पासून बाहेरही परवाना लागत नाही, ठरलेल्या ताकदीत राहिलात तर. डिशमधून नुसती सरळ रेष मोकळी असून भागत नाही. तीनशे मीटरला मधोमध त्या रेषेच्या भोवती सगळीकडून सुमारे दोन मीटर मोकळं लागतं. आज हरभरा आहे म्हणून छान चालेल, पुढच्या साली तिथं ऊस लावलात की भाद्रपदात कॅमेरा बंद. आणि खांब काळ्या मातीत उभा करू नका. ती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, खांब कलतो आणि डिश भलतीकडेच बघू लागते. मुरूम लागेपर्यंत खड्डा घ्या किंवा भिंतीला पक्का बांधा.

आखाड्यावर लाईट रात्री कधी असेल ते सांगता येत नाही. कॅमेरा आणि डबी दोन्ही १२ व्होल्टवर चालणारी घ्या, सोलरच्या बॅटरीवरून व्होल्टेज सांभाळणाऱ्या छोट्या सर्किटमधून थेट द्या. मध्ये इन्व्हर्टर घातला की निम्मी बॅटरी तोच पितो. रस्ता ओलांडत असाल तर ग्रामपंचायतीची परवानगी काढा. आणि शेजाऱ्याला पैसे घेऊन इंटरनेट जोडून देऊ नका, त्याला सरकारी परवाना लागतो.

वाड्याच्या मागच्या खोलीत वायफाय येत नाही म्हणून जुना राउटर केबलनं जोडला. तेव्हापासून कधी समोरच्या, कधी मागच्या फोनला इंटरनेट नाही. दोन्हीकडे वायफायचे दांडे मात्र पूर्ण दिसतात.
— वाचक, सेलू

पांढऱ्या मातीच्या दोन हात जाड भिंती वायफाय गिळतात, त्यामुळे तार नेलीत ते योग्यच. घोटाळा असा आहे: घरात फोनांना नेटवर्कचे पत्ते वाटणारे दोघे झालेत. जो फोन जुन्या राउटरकडून पत्ता घेतो त्याला तो सांगतो, 'बाहेरचा रस्ता माझ्याकडून', आणि त्याच्याकडे तर रस्ताच नाही.

आधी मधली केबल काढा, जुन्या राउटरमध्ये जाऊन त्याचा पत्ता १९२.१६८.१.२ करा (मुख्याचा १९२.१६८.१.१ असेल तर), डीएचसीपी (म्हणजे पत्ते वाटणं) बंद करा, आणि मगच केबल त्याच्या लॅन भोकात लावा, वॅन भोकात नाही. हे या क्रमानंच करा. आधी केबल लावलीत तर बदल करायला आत शिरता येणार नाही. मग तो नुसता वायफायचा दिवा होतो, पत्ते एकटा मुख्य राउटर वाटतो.

गेमसोबत आलेली बंदूक नव्या एलईडी टीव्हीवर चालत नाही. दुरुस्त करून द्याल का?
— वाचक, कळंब

बंदूक चांगली आहे, आणू नका. बंदूक काही सोडत नाही, ती बघते. घोडा दाबला की गेम क्षणभर पडदा काळा करतो आणि मग लक्ष्याच्या जागी पांढरा चौकोन काढतो. बंदुकीतला डोळा त्या क्षणी उजेड दिसतो का ते सांगतो. काचेच्या जुन्या टीव्हीत चौकोन त्याच क्षणी उजळतो. एलईडी टीव्ही चित्र आधी साठवून, सुधारून मग दाखवतो, तोवर गेमनं 'नेम चुकला' ठरवून टाकलेलं असतं. शिवाय डोळा जुन्या टीव्हीच्या लुकलुकण्यालाच जुळवलेला आहे. कुणाकडे जुना टीव्ही भंगारात निघत असेल तर सांभाळून ठेवा.

मी आणि माझा मित्र दोघांकडे सारखेच डबे आहेत. घरं एका गल्लीत. आम्ही दोघांनी मिळून दोन खेळाडूंचा गेम लिहिलाय. त्याच्या घरी तो, माझ्या घरी मी, असं खेळता येईल का? डब्याला तर नेटवर्कचं भोकच नाही.
— दोन विद्यार्थी, लातूर

भोक आहे: जिथं कंट्रोलर लावता ते. कंट्रोलरच्या आत मुळात ४०२१ नावाची साधी चिप असायची. डबा 'लॅच'च्या तारेवर इशारा देतो, चिप आठही बटणांची स्थिती पकडते, मग डबा आठ टिचक्या मारून एकेक वाचतो: ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट, वर, खाली, डावं, उजवं. डब्याला पलीकडे माणसाचं बोट आहे की आणखी काही, हे कळत नाही. तिथेच आपलं काम होतं.

प्रत्येक घरात ईएसपी८२६६ हा वायफायचा एक छोटा बोर्ड लावा. तो तुमचं खरं कंट्रोलर वाचेल, वायफायवरून ते आठ बिट मित्राकडे पाठवेल, त्याचे आठ बिट घेईल आणि दोन्ही मिळून डब्याला देईल. चित्र पाठवायचं नाही, फक्त बटणं. सेकंदाला ५० बाइट झाले. पाकिटाचा पत्ता लिहायलाच आयपी आणि यूडीपी (पाकिटं पाठवायच्या रीती) मिळून २८ बाइट लागतात, म्हणजे चिठ्ठीपेक्षा लिफाफा जड. दोन्ही डबे तोच गेम तीच बटणं घेऊन खेळतील, म्हणून दोन्हीकडे तेच घडेल.

बोर्डाला डब्याच्या टिचक्यांना थेट उत्तर द्यायला लावू नका. वायफायच्या कामात गुंतला की तो मायक्रोसेकंदांचा ताल चुकवतो. मध्ये प्रत्येक खेळाडूच्या बटणांसाठी एक खरी ४०२१ चिप ठेवा. बोर्ड ७४एचसीटी५९५ या दुसऱ्या जातीच्या चिपेतून तिच्या आठ पायांवर स्थिती मांडून ठेवेल, टिचक्यांना उत्तर चिपच देईल. एचसीटीच घ्या, नुसती एचसी नको. बोर्ड ३.३ व्होल्टचा, डबा ५ चा; एचसीटी ३.३ ला 'एक' समजते. उलट दिशेनं डब्याचा लॅच बोर्डात आणताना १ आणि २ किलोओहमचे दोन रोध लावून ५ चे ३.३ करा, नाहीतर बोर्ड जळेल.

आता खरी मेख. दोन्ही डबे सेकंदाला ५० चित्रं काढतात, पण दोघांचे ताल देणारे क्रिस्टल तंतोतंत सारखे नसतात. एक हळूहळू पुढे सरकेल. म्हणून थांबायची सोय गेममध्येच ठेवा. आठ टिचक्यांनंतर नववी मारलीत तर ४०२१ तिच्या ११ नंबरच्या पायावर जे असेल ते देते. त्या पायावर बोर्डानं 'मित्राची बटणं आली' अशी खूण ठेवायची. (हीही तार एचसीटी जातीच्या चिपेतूनच न्या.) नववा बिट नसेल तर गेमनं ती फ्रेम पुढे ढकलायची नाही, तिथंच थांबायचं. आणि आज दाबलेलं बटण तीन फ्रेमनंतर लागू करायचं, दोन्हीकडे. साठ मिलिसेकंदांत एका गल्लीचं वायफाय पोचतं आणि हाताला ते फारसं जाणवत नाही.

गेममध्ये नशिबाचा आकडा काढत असाल तर दोन्हीकडे त्याची सुरुवात एकाच आकड्यापासून करा. उदगीरच्या पत्राचं उत्तरही वाचा: एकाची मेमरी पुसलेली आणि दुसऱ्याची नसेल तर पाच मिनिटांनी तुझ्याकडे तू जिंकलेला असशील आणि त्याच्याकडे तो.

पहिल्या दिवशी गल्ली ओलांडू नका. दोन्ही डबे, दोन्ही बोर्ड एकाच टेबलावर, एकाच राउटरवर. ते चाललं की एक बोर्ड भिंतीपलीकडे. मग मित्राच्या घरी. दर पन्नासाव्या फ्रेमला दोन्ही डब्यांतल्या खेळाडूंच्या जागांची आणि गुणांची बेरीज पडद्याच्या कोपऱ्यात दिसू द्या आणि दोघांनी फोनवर वाचून दाखवा. जिथे बेरीज पहिल्यांदा वेगळी येईल, तो फ्रेमचा आकडा लिहून मला पाठवा. तिथून मागे अर्धं अर्धं करत शोधू.